सोनटक्का

(हिं. गुलबकावली, बं. दोलनचाँपा; लॅ. हेडिकियम कोरोनॅरियम, कुल–झिंजिबरेसी.) आले-हळदीच्या कुलातील, पांढऱ्या सुवासिक फुलांची बहुवर्षायू वनस्पती. पूर्व हिमालयापासून दक्षिण चीन व आग्नेय आशियापर्यंतचे ओलसर प्रदेश हे तिचे मूळस्थान. वनस्पतिशास्त्रज्ञ योहान कोनिग यांनी १७८३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. हेडिकियम या ग्रीक नावाचा अर्थ ‘गोड बर्फ’. क्यूबाचे हे राष्ट्रीय फूल आहे. कोकणात न्हाणीचे किंवा विहिरीचे पाणी जिथून वाहते तिथे सोनटक्का लावतात, आणि ती जागा अगदी योग्य असते.

पानांच्या आवरणांचे बनलेले आभासी खोड १ ते २ मी. उंच वाढते. त्याच्या टोकाला हिरव्या छदांचे (फुलाला तळाशी झाकणाऱ्या पानासारख्या भागांचे) कणीस येते आणि एकेका छदाआडून दोन-तीन फुले एकामागून एक उमलतात. फुलाचा जो मोठा, दुभंगलेला पांढरा ओठ नजरेत भरतो तो पाकळी नसून रूप पालटलेले वांझ पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या अरुंद, मागे लोंबणाऱ्या. एकुलत्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधल्या खाचेतून दोऱ्यासारखा किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) बाहेर येतो. फूल संध्याकाळी उमलते, रात्री वास सर्वांत दाट असतो. लांब नळीतला मध लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी आहे. दुसऱ्या दिवशी फूल पिवळसर पडून मलूल होते.

लागवड कंदांपासून, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीस करावी. दोन-तीन डोळे असलेला, वीतभराहून थोडा लहान तुकडा धारदार सुरीने कापून एक दिवस सावलीत ठेवावा, म्हणजे काप सुकतो. ३० सेंमी. खोल-रुंद खड्ड्यात माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू भरून कंद आडवा, डोळे वर करून, वर जेमतेम ४-५ सेंमी. माती येईल असा ठेवावा. बटाट्यासारखा खोल पुरलेला कंद उगवायला फार उशीर लावतो किंवा चिकट मातीत कुजतो. दोन कंदांत ४५ ते ६० सेंमी. अंतर हवे. कुंडी उथळ पण रुंद, किमान १४ इंची घ्यावी. कंद आडवे सरकत काठाला भिडतात आणि पातळ प्लॅस्टिकची कुंडी फोडतात.

पाने डौलदार पण फूल नाही, ही नेहमीची तक्रार. बहुधा सावली जास्त असते. सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारी आडोसा असावा; दाट झाडाखाली खोडे उंच होऊन कलंडतात. दुसरे कारण युरियाचा मारा. दर बेटाला मे महिन्यात एक घमेले शेणखत आणि ऑगस्टमध्ये थोडी राख पुरते. तिसरे कारण गर्दी: तीन-चार वर्षांनी बेटाचा मध्य रिकामा होतो व फुले फक्त कडेला येतात. तेव्हा बेट उपटून नव्याने लावावे. एक खोड एकदाच फुलते, म्हणून फुले संपल्यावर ते बुडापासून कापावे. ते तसेच ठेवल्याने पुन्हा कणीस येत नाही.

मुख्य बहर पावसाळ्यात, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. देशावर थंडी-उन्हाळ्यात पाने वाळतात. झाड मेले समजून कंद उकरू नयेत, आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. पाणी कमी पडले की पानांची टोके तपकिरी होतात. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर चुनखडीच्या जमिनीत लोह शोषले जात नाही असे समजावे. कुजका पालापाचोळा व चिलेटेड (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी उपयोगी पडते.

मधली सुरळी वाळून खोडावर छिद्र आणि भुसा दिसला तर ती खोडकिड. ते खोड बुडाशी कापून जाळावे. जिवाणूजन्य मर अधिक घातक असतो. हिरवे झाड अचानक मान टाकते. खोडाचा ताजा तुकडा पेलाभर स्वच्छ पाण्यात उभा धरला आणि कापातून दुधाळ धागा सुटताना दिसला, तर शंका उरत नाही. औषध शोधत बसू नये. बेट मातीसकट काढून नष्ट करावे. हा रोग आल्यालाही होतो, म्हणून आल्याच्या जुन्या वाफ्यात सोनटक्का लावू नये.

वेणीसाठी किंवा गौरी-गणपतीसाठी फुले हवी असतील तर टपोरलेल्या कळ्या दुपारनंतर खुडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. संध्याकाळी त्या घरात उमलतात. उमललेली फुले डागाळतात आणि लांबच्या प्रवासात टिकत नाहीत, त्यामुळे बाजारात ती जवळपासच्या परसातूनच येतात.

हवाई आणि ब्राझीलमध्ये ही वनस्पती ओढ्यांकाठी पसरून स्थानिक झाडांना हटवते. छाटलेल्या कंदाचा छोटा तुकडाही रुजतो, म्हणून काढलेले कंद ओढ्यात किंवा पऱ्ह्यात टाकू नयेत. उन्हात कडकडीत वाळवूनच खतात घालावेत.