घामाचा निरोप अडवणारे इंजेक्शन

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा नागपुरात घामाची तक्रार कोणी मनावर घेत नाही, आणि त्यामुळेच अतिघामाचा खरा आजार इथे वर्षानुवर्षे उन्हाळ्याच्या नावावर खपून जातो. पण डिसेंबरच्या थंडीत, स्वेटर घालून परीक्षेला बसलेल्या मुलीच्या हाताखाली उत्तरपत्रिका ओली होत असेल, तर दोष हवेला देता येत नाही. हा आजार बहुधा लहानपणी किंवा किशोरवयात सुरू होतो, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो आणि झोपेत थांबतो. झोपेतही घाम येत असेल किंवा तो मोठेपणी अचानक सुरू झाला असेल, तर थायरॉइड, मधुमेह, क्षय अशी कारणे आधी तपासावीच लागतात.

या आजारात घामाच्या ग्रंथी सहसा निरोगीच असतात. त्यांना मिळणारे निरोप मात्र गरजेपेक्षा फार जास्त असतात. हा निरोप चेतातंतूंच्या टोकातून सुटणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन पोहोचवते. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोलीतले बोटॉक्स, ॲसिटिलकोलीन बाहेर सोडण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनाचे तुकडे करते, त्यामुळे ग्रंथी जागेवर असूनही गप्प राहते. मुळात हे एका जिवाणूचे जहाल विष आहे. बिघडलेले सॉसेज खाऊन आजारी पडलेल्यांचा अभ्यास करताना जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांना त्या रुग्णांचा घाम आटल्याचे आढळले, आणि हे विष अत्यल्प मात्रेत औषध ठरू शकेल, असा विचार त्यांनी १८२२ मध्येच मांडला होता. काखेतील तीव्र घामासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती २००४ मध्ये.

आधी ॲल्युमिनियम क्लोराइडचे औषध लावून पाहिले जाते. ते पुरले नाही तर बोटॉक्सच्या इंजेक्शनचा विचार होतो. काखेला आयोडीन लावून, ते वाळल्यावर वर स्टार्चची पूड भुरभुरतात. घाम फुटेल तिथे काळानिळा रंग उमटतो आणि नेमके कुठे टोचायचे ते दिसते. मग प्रत्येक काखेत ५० युनिट औषध, १० ते १५ ठिकाणी, अगदी बारीक सुईने त्वचेतच देतात. आठवडाभरात फरक जाणवू लागतो आणि तो साधारण सहा महिने टिकतो. चेतातंतू पूर्ववत झाले की घाम परततो व इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. तळहातावर मात्र ते फार दुखते, आणि बोटांची पकड काही आठवडे सैल पडू शकते, हे शिवणकाम किंवा लिखाण करणाऱ्याने आधीच विचारात घ्यावे. गर्भारपणात आणि स्नायू दुबळे करणाऱ्या काही आजारांत हा उपचार टाळतात.

घाम बंद केला तर नागपूरच्या उन्हात जीव कसा तगेल, ही शंका रास्त आहे. परंतु शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, आणि ते काम कपाळ, छाती व पाठ करतच राहतात. काखेसारख्या कोंडलेल्या जागी घाम नीट वाळतच नाही, त्यामुळे तो थांबल्याने शरीराचा गारवा फारसा कमी होत नाही.