बीसीबीए आहे म्हणजे लायसन्स आहे असं नाही हो

अमेरिकेत मुलाला एबीए थेरपीला (मुख्यतः ऑटिझम असलेल्या मुलांना वागणं आणि कौशल्यं शिकवणारी थेरपी) नेलं की ज्या मॅडम असेसमेंट करतात त्यांच्या नावापुढे बीसीबीए, एलबीए अशी अक्षरं असतात. आपले बरेच पालक दोन्ही एकच धरून चालतात, चालून जातं. पण नोकरी शोधणाऱ्यांनी तसं धरलं तर पंचाईत होते.

बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट) हे सर्टिफिकेट. ते बीएसीबी नावाची, 1998 मध्ये स्थापन झालेली प्रायव्हेट ना-नफा संस्था देते. मास्टर्स, ठरलेले कोर्स, सुपरव्हिजनखाली 2000 तास काम (जास्त सुपरव्हिजनवाल्या पद्धतीने 1500) आणि मग परीक्षा. हे अमेरिकेत कुठेही न्या, तेच राहतं.

एलबीए (लायसन्स्ड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट) म्हणजे राज्याचं लायसन्स. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट आणि आरटीओचं लायसन्स असा फरक आहे बघा, फक्त इथे अवघड भाग सगळा स्कूलकडेच आहे. टेक्सासने 2017 मध्ये कायदा केला आणि काम टीडीएलआरकडे दिलं, म्हणजे न्हावी आणि इलेक्ट्रिशियन यांना लायसन्स देणारं तेच खातं, मला याची जाम गंमत वाटते. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण खातं देतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर अक्षरंच वेगळी, एलएबीए. कॅलिफोर्नियात 2024 पर्यंत तरी असं वेगळं लायसन्सच नव्हतं, तिथे इन्शुरन्सवाले मुख्यतः सर्टिफिकेटच बघतात.

आता खरी गोची. समजा एखादी बीसीबीए कॅलिफोर्नियातून डॅलसला शिफ्ट झाली, तर सर्टिफिकेट सोबत येतं पण टेक्सासचं लायसन्स हातात येईपर्यंत तिला तिथे स्वतंत्रपणे केस घेता येत नाही, आणि ऑनलाइन सेशन घेतलं तरी साधारण नियम हाच की मूल ज्या राज्यात बसलंय तिथलं लायसन्स लागतं, तुम्ही कुठल्या खुर्चीत बसलात त्याने फरक पडत नाही. उलट बाजूनेही लफडं आहे, टेक्सासचं लायसन्स रिन्यू करायला सर्टिफिकेट चालू असावं लागतं, त्यामुळे ते लॅप्स झालं की दोन्ही अडकतात.

तक्रारीचंही तसंच. बीएसीबी फार तर सर्टिफिकेट काढून घेईल. मग तो माणूस स्वतःला बीसीबीए म्हणवू शकत नाही, पण लायसन्सचा कायदा नसलेल्या राज्यात त्याला दुसऱ्या नावाने दुकान मांडण्यापासून अडवायचं कोणी? राज्याचं खातं दंड करू शकतं, काम बंद पाडू शकतं. माझ्या मते पालकांसाठी लायसन्सचा खरा उपयोग हाच, बाकी ते काही जास्त हुशारीचा पुरावा नाही.

आणि रोज मुलासोबत जमिनीवर बसून ठोकळे लावणारी ताई बहुतेक वेळा आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) असते, 40 तासांचं ट्रेनिंग झालेली, वर सुपरव्हिजन बीसीबीएचं. तिला एलबीए आहे का विचारू नका, उगाच बिचारी गोंधळेल.

पुण्या-मुंबईत राहून बीसीबीए व्हायचा विचार असेल तर 1 जानेवारी 2023 पासून बीएसीबी भारतातून नवीन अर्ज घेत नाही. आपल्याकडचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन ही तिसरीच भानगड, त्यावर अमेरिकेत लायसन्स मिळत नाही.

चेक करायचं असेल तर दोन ठिकाणी नाव टाका, बीएसीबीच्या रजिस्ट्रीत आणि राज्याच्या लायसन्स सर्चमध्ये. दोन्हीकडे एक्स्पायरी डेट आणि झालेली कारवाई दिसते, दोन मिनिटांचं काम आहे.