१४२८५७ : सगळा खेळ बाकीचा

समजा, राजापूरकडे एक हेक्टर कलमांची बाग आहे आणि वारस आहेत सात. कोकणात सातबाऱ्यावर सातच नावं असली तर नशीबच म्हणायचं! हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. प्रत्येकाच्या वाट्याला १,४२८ येतात आणि चार उरतात. चार चौरस मीटरवरून आपल्याकडे गडगा कुणाचा हा वाद तीन पिढ्या चालतो. तो बाजूला ठेवून भागाकारच पुढे नेला, तर १४२८.५७१४२८५७१... अशी न संपणारी रांग लागते.

त्या रांगेतले सहा अंक उचला : १४२८५७. दुप्पट केली तर २८५७१४. तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. अंक तेच आणि क्रमही तोच, सुरुवात तेवढी बदलते. सातपट केली की मात्र ९९९९९९.

याचं कारण शाळेतल्या भागाकारातच आहे. १ ला ७ ने भागा, पण उत्तराकडे न बघता बाकीकडे बघा. दहात सात एकदा, बाकी ३. तिसात चार वेळा, बाकी २. विसात दोनदा, बाकी ६. मग ४, मग ५ आणि पुन्हा १. आलो जिथून निघालो तिथेच! शून्य सोडलं तर सातच्या बाक्या सहाच, आणि इथे सहाही हजेरी लावून जातात. २ ला ७ ने भागायला घेतलं की आपण याच फेरीत मधूनच, २ या बाकीपाशी शिरतो. १३ ला हे साधत नाही. त्याच्या बारा बाक्या सहा-सहाच्या दोन फेऱ्यांत फुटतात.

आता १४२८५७ चा वर्ग करा : २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडून उरलेल्यांत मिळवा. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! असं तोडून जोडण्यात वर्गातून ९९९९९९ ची, म्हणजे मूळ संख्येच्या सातपटीची, २०४०८ पट वजा होते. मूळ संख्या तेवढी उरते, कारण १४२८५७ ला ७ ने भागलं तर भागाकार २०४०८ आणि बाकी १. इथेही बाकीच.

असल्या संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि देवळालीत शाळामास्तर होते. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. परांजपेही कोकणातलेच, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे.

सातासारख्या, सगळ्या बाक्या एकाच फेरीत घेणाऱ्या अविभाज्य संख्या आणखीही आहेत : १७, १९, २३, २९. सतराची फेरी सोळा अंकांची, ०५८८२३५२९४११७६४७. अशा संख्या अनंत असाव्यात, असं अनुमान एमिल आर्टिन यांनी त्याच १९२७ साली मांडलं. ते अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.