‘नुसतं नाव बदलून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी

बेळगावातल्या आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात सकाळी नऊच्या आत एक तरी जण मोबाईल पुढे करतो. “अण्णा, मित्राचा बायोडाटा आहे. नुसतं नाव बदलून प्रिंट द्या की, साडेदहाला उद्यमबागेत इंटरव्ह्यू आहे.” आम्ही नाही म्हणतो, मग रुसवेफुगवे होतात. म्हणून एकदाच लिहून काउंटरवर ठेवतोय.

बायोडाट्यात नुसतं नाव कधीच बदलत नाही. खाली वडिलांचं नाव असतं, जन्मतारीख असते, दहावीचे टक्के असतात आणि तळाला ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून तुमची सही असते. घाईत यातलं काहीतरी मित्राचंच राहून जातं. मागे एकानं महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मित्राचा बायोडाटा आणला होता. तिकडे दहावीची टक्केवारी ५०० वर काढतात, आपली एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, ६२५ ची. मित्राच्या तक्त्यात याचे ४१२ मार्क बसवले आणि ‘५०० पैकी’ तसंच राहिलं. झाले ८२.४ टक्के! खरे ६५.९२. आम्ही मार्क्स कार्डाशी ताडून बघतो म्हणून सापडलं. तिथं इंटरव्ह्यूच्या टेबलावर सापडलं असतं तर ‘घाईत चुकलं’ हे कुणी ऐकून घेतलं असतं?

याहून महाग पडतं ते मित्राचं काम आपल्या नावावर लागणं. आयटीआय फिटर झालेला एक मुलगा दुसरीकडून असाच प्रिंट काढून गेला. त्यात मित्राची ‘सीएनसी ऑपरेटिंग’, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन चालवणं, ही ओळ राहिली होती. इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला, जी झिरो झिरो आणि जी झिरो वन या मशीनला द्यायच्या कमांडमध्ये फरक काय? पहिल्यानं टूल न कापता झरकन जागेवर जातं, दुसऱ्यानं ठरवलेल्या फीडनं, म्हणजे वेगानं, कापत सरळ जातं. सीएनसीवर आठवडाभर काम केलेलाही हे सांगेल. यानं मशीन लांबूनच बघितलेलं. व्हर्निअर या मोजपट्टीचा लीस्ट काउंट, म्हणजे तिच्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला असता तर ०.०२ मिलिमीटर झोपेतसुद्धा सांगितला असता. पण विचारणारा हातातला कागद बघूनच प्रश्न काढतो.

पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला. बोलता बोलता कळलं, सुट्टीत दोन वर्षं मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असायचा. हे कागदावर कुठंच नव्हतं! विचारलं तर म्हणे, “ते घरचंच काम, त्यात काय लिहायचं?”

म्हणून आम्ही आधी बाकावर बसवून विचारतो. काय शिकलात, हातानं काय केलंत, मधलं वर्ष कुठं गेलं. याला अर्धा तास लागतो. शेजारच्या गल्लीपेक्षा आमचा दर थोडा जास्त आहे, हे कबूल. त्यात विचारपूस, टायपिंग, दोन प्रिंट आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ येतं. वर्षभरात मोबाईल नंबर किंवा पत्ता बदलला तर फक्त प्रिंटचे पैसे घेतो. प्रिंटआधी स्क्रीनवर तुम्ही स्वतः वाचायचं, ही आमची अट आहे.

‘येणाऱ्या भाषा’ या रकान्यात उगाच फुशारकी नको. कन्नडपुढे ‘उत्तम’ लिहिलंत आणि समोरच्यानं “निम्म बग्गे हेळ्री” म्हटलं, तर स्वतःबद्दल चार वाक्यं कन्नडमध्ये यायला हवीत. बोलता येत असेल, लिहिता येत नसेल, तर तेवढंच लिहू. हवं तर बाकावरच चार प्रश्न कन्नडमध्ये विचारून बघतो, त्याचे पैसे नाहीत.

गावाच्या नावाचा घोळही रोजचाच. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं इंग्रजी नाव Belgaum चं Belagavi झालं, त्यामुळे आधी पास झालेल्यांच्या मार्क्स कार्डावर जुनं स्पेलिंग दिसतं. सर्टिफिकेटवर छापलंय तसं ठेवतो, पत्ता आधारप्रमाणे घालतो.

आणि हो, लग्नाचे बायोडाटेही आम्ही करतो, पण ती फाईल नोकरीसाठी वापरायला सांगू नका. एकाच्या कागदावर रास आणि नाडी गेली असती, थोडक्यात वाचला.

येताना ओरिजिनल मार्क्स कार्डं आणि आधार आणा. मोबाईलमधल्या फोटोत आकडे पुसट दिसतात, तीनचा आठ होतो. झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो इथंच होतील. पहाटेच्या गाडीनं पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत यावं. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा सोमवारच्या इंटरव्ह्यूवाल्यांनी शनिवारीच या.