मेसेजमधली मंजुरी आणि पत्रातली मंजुरी

मागच्या वर्षी आतेभावाबरोबर कोथरूडला एक जुना फ्लॅट बघायला गेलो होतो. मालक काकांनी विचारलं, ‘लोनचं काय?’ त्यानं मोबाइलच पुढे केला: ‘अभिनंदन! आपल्यासाठी ६५ लाखांचं प्री-अप्रूव्ड गृहकर्ज.’ काका हसले. म्हणाले, ‘असले मला पण येतात. मी पंचाहत्तरचा आहे.’

तो मेसेज म्हणजे जाहिरात. खात्यात पगार किती जमा होतो, कार्डाचं बिल वेळेवर भरता का, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, किती, एवढं बघून संगणकानं तुमचं नाव यादीत घातलेलं असतं. तुम्ही कागद दिलेला नसतो आणि माणसानं तो तपासलेला नसतो. फार तर प्रोसेसिंग फीसाठी घासाघीस करायला तो उपयोगी पडतो.

तत्त्वतः मंजुरी वेगळी. बँकेतली मंडळी तिला नुसतं ‘सँक्शन’ म्हणतात, आणि घर ठरलेलं नसतानाही ती मिळते. रीतसर अर्ज करायचा, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट द्यायचं. धंदा असेल तर आयटी रिटर्न. मग हातात किती उरतं याचा हिशोब होतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ६० लाख घेतले तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास बसतो; कारचा १५ हजारांचा हप्ता आधीच चालू असेल तर गाडं तिथेच अडतं. मिळालेल्या पत्रावर रक्कम, व्याजदर आणि मुदत असते. पत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं. पण पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद क्रेडिट रिपोर्टवर राहते.

भावानं मग असं पत्र आणलं, ६४ लाखांचं. फ्लॅट ८० लाखांना ठरत होता, म्हणजे गणित चपखल बसलं. घोळ पुढे झाला, कारण पत्र भावाबद्दल होतं, फ्लॅटबद्दल त्यात अक्षर नव्हतं. घर ठरलं की बँकेचं ‘लीगल’ आणि ‘टेक्निकल’ सुरू होतं. पॅनेलवरचा वकील मागच्या सगळ्या करारांची साखळी तपासतो, घराची किंमत ठरवणारा व्हॅल्यूअर टेप घेऊन येतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नाही, मधला एखादा करारनामा सापडत नाही, बाल्कनी आत घेतलीय, अशा गोष्टी इथे वर येतात. कागद स्वच्छ निघाले. पण इमारत जुनी, त्यामुळे व्हॅल्यूअरनं ७० लाखच लावले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. ६४ चे झाले ५६. त्यात पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. २२ लाखांची तयारी केलेल्या माणसाला ३० लाख उभे करायचे होते.

बिल्डरकडून नवीन घेताना हा त्रास कमी, कारण प्रकल्पाचे कागद बँकांनी बहुधा आधीच तपासलेले असतात. शिवाय रेरा या बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्यामुळे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रीसेलमध्ये मात्र सगळा भरवसा विसार पावतीवर, म्हणजे व्यवहार ठरवताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावतीवर.

भावानं लाख रुपये विसार दिला होता. पावतीत ‘बँकेच्या कायदेशीर व तांत्रिक तपासणीनंतर ठरलेलं कर्ज मंजूर न झाल्यास विसार पूर्ण परत’ अशी एक ओळ होती. ती त्यानं नव्हे, काकांनीच घातली होती. किंमत त्यांनी एक रुपयानं उतरवली नाही. लाख रुपये मात्र पुढच्याच आठवड्यात खात्यावर परत आले.