आभाळातलं भोक : ताऱ्यांमधल्या ढगांची पार्श्वभूमी

मे महिन्यात आमच्याकडे घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. अख्खं गाव अंगणात बाजा टाकतं. मध्यरात्रीच्या सुमारास ज्येष्ठेचा तांबूस तारा दक्षिणेकडे चढलेला असतो आणि लाइन गेलेली असली तर आकाशगंगाही नीट दिसते. पण ती सलग नसते, मधोमध काळ्या चिरा असतात. त्या बघून शेजारचे एक आजोबा मागे म्हणाले होते, "आभायाले भोक पडलं काय बाप्पा?" पोरं हसली. हसायला नको होतं, कारण जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणवाल्यांनीही सव्वाशे वर्षं तेच मानलं होतं.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली वृश्चिकातली अशीच एक रिकामी जागा नोंदवली. 'खरंच, इथे आकाशात भोक आहे,' असे त्यांचे उद्गार बहीण कॅरोलाइन यांनी पुढे म्हातारपणी लिहून ठेवले. त्या भागातले तारे एकमेकांकडे ओढले जाऊन जागा मोकळी झाली असावी, हा हर्शेल यांचा अंदाज.

खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड म्हणजे लहानपणापासून फोटो स्टुडिओत राबलेला माणूस. त्यांनी आकाशगंगेचे तासन् तास उघडझाप न करता फोटो घेतले, तरी तेही बराच काळ भोकांच्याच बाजूचे होते. १९१३ च्या उन्हाळ्यातल्या एका निरभ्र रात्री धनू राशीतल्या ताऱ्यांच्या दाटीसमोर आपलेच साधे, पृथ्वीवरचे, छोटे काळे ढग त्यांना दिसले. फोटोतल्या काळ्या डागांसारखेच हुबेहूब! १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या जागांची यादी छापली, तोवर त्यांचं मत पालटलेलं होतं : ही भोकं नाहीत, मागचे तारे झाकणारे ढग आहेत.

दुसरा पुरावा मृगातून आला. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना आमचे जुने लोक तिफन म्हणतात. त्यातला सगळ्यात आधी उगवणारा तारा खरं तर ताऱ्यांचा गट आहे. त्यातले तारे एकमेकांभोवती फिरतात, म्हणून त्यांचा प्रकाश रंगांत फोडला की दिसणाऱ्या रेषा मागेपुढे सरकतात. १९०४ साली योहानेस हार्टमान यांना दिसलं, की कॅल्शियमची एक रेषा जागची हलत नाही. म्हणजे ते कॅल्शियम ताऱ्याचं नव्हतं, वाटेतलं होतं. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छ मोजून धुळीचा हिशेबही मांडला. पोकळी पोकळ नव्हती.

तरी तिथे रेणू टिकतील यावर कुणाचा भरवसा नव्हता. ताऱ्यांचे अतिनील किरण त्यांना फोडून टाकतील, असंच वाटे. १९३७ ते १९४१ दरम्यान तीन साधे रेणू सापडले. त्यातल्या सायनोजेनवरून अँड्र्यू मॅकेलर यांनी तापमान काढलं : शून्याखाली सुमारे २७१ अंश, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.३ अंश. त्या आकड्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना विश्वाच्या जन्माचं उरलेलं किरणोत्सर्जन सापडलं, तेव्हा कळलं की ते चोवीस वर्षांपूर्वीच मोजून झालं होतं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट हीच.

मग रेडिओ दुर्बिणी आल्या आणि रेणूंची रीघ लागली. १९६८ मध्ये अमोनिया, म्हणजे गोठ्यात नाकाला झोंबतो तोच वास. १९६९ मध्ये पाणी, १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइड. १९७५ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका ढगात चक्क दारूतला अल्कोहोल. मोहाची भट्टी लावणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये, विषारी दारूतलं मिथेनॉल तिथे आधीच सापडलं होतं.

पण एवढ्या थंडीत हे शिजतं कसं? अशा ढगाचं तापमान उणे २६३ अंशांच्या आसपास. एका घनसेंटिमीटरमध्ये दहा हजार रेणू असले तरी तो ढग दाट म्हणायचा. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच लाख कोटी कोटींच्या आगेमागे रेणू असतात. दोन हायड्रोजन अणू भेटले तरी टिकत नाहीत, कारण जुळताना सुटणारी ऊर्जा टाकायला जागा नसते. धुळीचा कण ती जागा देतो. अणू त्याला चिकटतात, जुळतात, ऊर्जा कणाला देऊन निघून जातात. उन्हापासून आडोसाही तीच धूळ देते. म्हणजे जिच्यामुळे भोक दिसलं, तीच या रसायनशाळेची भिंत.

पुढचं काम विश्वकिरणांचं, म्हणजे अवकाशातून सुसाट येणाऱ्या भारित कणांचं. ते धुळीला न जुमानता आत घुसतात आणि हायड्रोजनला विद्युतभारित करतात. भारित रेणूंना बहुतेक वेळा आच लागत नाही, भेटले की अभिक्रिया होते. १९७० मध्ये एक अनोळखी रेडिओ रेषा सापडली होती, तिला गमतीने 'एक्सोजेन' नाव पडलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्लेम्परर म्हणाले, हा कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचं केंद्रक चिकटून झालेला आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू आहे. प्रयोगशाळेत ते खरं ठरायला १९७५ उजाडलं. दरम्यान १९७३ मध्ये एरिक हर्ब्स्ट आणि क्लेम्परर यांनी या अभिक्रियांची अख्खी साखळी मांडली. तिच्या मुळाशी तीन प्रोटॉनांचा हायड्रोजन आयन होता. तो ताऱ्यांमधल्या ढगांत प्रत्यक्ष दिसला १९९६ मध्ये. आज रेणूंची यादी तीनशेच्या पुढे आहे.

हे ढग नुसत्या डोळ्यांनी बघायला अंधार लागतो, आणि तो आता गावातही महाग झालाय. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तिथे आकाशगंगेतल्या चिरा अजून स्वच्छ दिसतात.

बर्नार्ड यांच्या यादीतला ६८ व्या क्रमांकाचा ठिपका मात्र मोठ्या दुर्बिणीचाच. २००१ मध्ये अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात त्याच्या आरपार पाहिलं, तर मागे हजारो तारे निघाले. त्यांच्या मंदपणावरून धूळ कुठे किती ते मोजता आलं. आतल्या वायूचा दाब आणि त्याचं स्वतःचंच वजन यांची रस्सीखेच तिथे जवळजवळ बरोबरीत आहे. वजन जिंकलं, तर त्या भोकातून तारा निघेल.