हळदीचे दोन लाल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना व्यापारी हळकुंड कडकन मोडतो आणि आधी त्याच्या तुटलेल्या तोंडाकडे पाहतो. वरून पॉलिश कितीही झालेले असले, तरी आतला गाभा गर्द केशरी-पिवळा आहे की फिकट, यावर भावाचे बरेच काही ठरते. हा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते कुरकुमिन वाळलेल्या हळदीत साधारण २ ते ५ टक्केच असते; तरीही पोती वाहणाऱ्या हमालाचा सदरा दिवस मावळेपर्यंत पिवळा होऊन जातो. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ हा वाक्प्रचार थोडक्यात फुगणाऱ्या माणसासाठी असला, तरी रंगाच्या हिशेबाने त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

तोच सदरा घरी साबणाच्या पाण्यात बुडवला की डाग निघण्याऐवजी लालभडक होतो आणि स्वच्छ पाण्यात खळबळून काढल्यावर पुन्हा पिवळा दिसू लागतो. कुरकुमिनच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. ती प्रकाशातला निळा भाग शोषते, म्हणून आपल्याला हळद पिवळी दिसते. साबण किंवा चुना अल्कधर्मी असल्यामुळे रेणूतला एक प्रोटॉन काढून घेतो, साखळीतले इलेक्ट्रॉन अधिक मोकळे होतात, शोषण हिरव्या रंगाकडे सरकते आणि डोळ्यांना उरतो तो लाल. मुका मार लागल्यावर घरोघरी लावला जाणारा हळद-चुन्याचा लेप लाल होतो तो याच कारणाने. त्यावर लिंबू पिळले की प्रोटॉन परत मिळतो आणि लाली ओसरते.

कुंकवाची लाली मात्र वेगळी आहे, आणि हळद-चुना म्हणजेच कुंकू असे जे सरसकट सांगितले जाते ते अपुरे आहे. पारंपरिक कृतीत हळकुंडे लिंबाच्या रसात, टाकणखार (बोरॅक्स) आणि तुरटी घालून मुरवतात, मग वाळवून कुटतात. लिंबू आम्ल आहे, तेव्हा वर सांगितलेली अल्कधर्मी लाली येथे संभवतच नाही. घडते ते असे की आम्लात टाकणखारापासून बोरिक आम्ल तयार होते आणि मिश्रण वाळत असताना त्यातले बोरॉन कुरकुमिनच्या रेणूंना जखडून एक नवे लाल संयुग बनवते. रसायनशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळे. बोरिक आम्लाने लालसर झालेला हा कागद आम्लाने पिवळा होत नाही आणि अल्कली लागताच हिरवट-काळा पडतो. (बाजारातल्या स्वस्त कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतो, त्यामुळे त्यावर हा प्रयोग करून पाहण्यात अर्थ नाही.) कुंकू हे नावही मुळात हळदीचे नाही. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. पण काश्मीरचे केशर रोज कपाळी लावणे कितीजणींना परवडावे? नाव केशराचे राहिले, वस्तू हळदीची झाली.

कुरकुमिन १८१५ मध्ये प्रथम वेगळे काढले गेले आणि त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. परंतु त्याचा सर्वांत मोठा दोष शब्दकारांना फार आधीच ठाऊक होता. संस्कृतात चंचल प्रेमाला ‘हरिद्राराग’, म्हणजे हळदीचा रंग, म्हणतात, तर टिकाऊ प्रेमाला ‘मंजिष्ठाराग’. मंजिष्ठा या वेलीच्या मुळांपासून मिळणारा लाल रंग सुती धाग्यावर बसवण्यासाठी तुरटी लागते. तुरटीतले ॲल्युमिनियम एका हाताने धागा आणि दुसऱ्या हाताने रंग धरून ठेवते, आणि मग तो रंग धुतल्याने सहजी जात नाही. हळदीला असल्या मध्यस्थाची गरज नसते, ती सुताला आपणहून चिकटते. पण उन्हातला प्रकाश तिचा रेणूच तोडतो. कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याने माखलेले पांढरे धोतर साबणाने घासत बसण्यापेक्षा ओलेच कडक उन्हात टाकावे, हे जाणत्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

‘हरिद्रा’ शब्दातला ‘हरि’ पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत पसरलेला रंग सांगतो, म्हणून हळद आणि हिरवा हे शब्द एकमेकांचे भाऊबंद ठरतात. हरताळही त्याच कुळातला. तो आर्सेनिक आणि गंधकाचा पिवळा खनिज रंग. पोथीत चुकलेल्या अक्षरावर लेखनिक तो फासत, आणि ‘हरताळ फासणे’ तेथूनच आले. बंदचा हरताळ मात्र गुजरातीतून आलेला, दुकानाच्या टाळ्याशी नाते असलेला निराळा शब्द आहे.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीची जुनी साठवण कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात, जमिनीखाली खणलेल्या पेवांत होत असे. (एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटते’ ते हेच पेव.) तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात उजेड पोचत नाही, आणि प्राणवायू इतका कमी होतो की किडीला जगता येत नाही, म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आतली हळद मात्र भरताना होती तशीच पिवळीधमक बाहेर येई.